लेकराला फुटबॉलला घालताना

वार्षिक परीक्षा संपते. लेकरू घरात आणि मोबाईल लेकराच्या हातात, हे दृश्य तिसऱ्या दिवशी असह्य होतं. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांचा मुलगा फुटबॉल अकॅडमीला जायला लागल्याची बातमी येते. पाचव्या दिवशी आपण चप्पल घालतो. प्रस्तुत मार्गदर्शन या पाचव्या दिवसासाठी आहे. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा अशा कुठल्याही गावच्या पालकाला ते लागू पडतं. पुण्यात मेहुणा असणाऱ्यांना यातलं सगळं आधीच माहीत असतं. त्यांनी फक्त माना डोलवाव्यात.

पायरी पहिली : लेकराला विचारू नये.

विचारलं तर ते म्हणेल, "पक्या जातो तिकडं मला जायचंय." क्रीडाशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात पक्याचा उल्लेख नाही. लेकराचा सर्वांगीण विकास व्हायचा असेल, तर त्यात लेकराची लुडबुड नसलेली बरी.

पायरी दुसरी : आधी किट घ्यावं.

खेळ जमेल न जमेल, फोटो तर निघतो. पाठीवर 10 आकडा आणि मेस्सीचं नाव असावं. चेंडू मोठ्यांचा, 5 नंबरचा घ्यावा. जाणकार सांगतील, की आठ वर्षांखालच्या मुलांना 3 नंबरचा आणि पुढं बाराव्या वर्षापर्यंत 4 नंबरचा चेंडू द्यावा, मोठ्या चेंडूनं कोवळ्या पायाला वळण लागत नाही. पण आपण शाळेचा गणवेशही दोन वर्षं पुढचाच शिवून घेतो. मग चेंडूनंच काय घोडं मारलंय?

पायरी तिसरी : मैदान फाटकातूनच पाहावं.

आत गेल्यावर मुरूम दिसतो. मैदानावर शेळ्या चरत असतील, तर खेळाडू मोजताना गल्लत करू नये. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे आणि जुळ्यांसाठी नावाजलेली आहे. त्यामुळं बचावफळी हंगामागणिक भक्कम होत जाते.

एखादा प्रशिक्षक मैदानाचे चार तुकडे पाडून पाच-पाच मुलांचे सामने लावतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या बाल लीगमध्येही लहानग्यांना छोटं मैदान आणि कमी गडी असतात, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या पायाला लागतो. अशा प्रशिक्षकाला ठणकावून सांगावं : फी पूर्ण भरली आहे, मैदान पूर्ण पाहिजे.

पायरी चौथी : प्रशिक्षकाची मुलाखत घ्यावी.

विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. सुब्रतो चषकाला कधी नेणार? दहावीला खेळाचे वाढीव गुण किती? सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण पक्कं ना? लेकरू दुसरीत असलं तरी हरकत नाही, नियोजन लवकर केलेलं बरं.

विचारू नयेत असे प्रश्न दोनच. तुम्ही रोज येता का? आणि, वीस लेकरांत चेंडू किती? दुसऱ्याचं उत्तर "एक" असं आलं तर उगाच हिशेब करावा लागतो : तासाभरात एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटं. उरलेली 57 मिनिटं रांगेत उभं राहण्याचं प्रशिक्षण. तेही वाया जात नाही म्हणा, पुढं आधार केंद्रावर कामी येतं.

पायरी पाचवी : शाळेच्या चेंडूची चौकशी करू नये.

15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यातल्या 10 लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा राज्य सरकारनं संकल्प केला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत. भारताच्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता, सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. 16 सप्टेंबरला चेंडूचं काय करायचं, हे मात्र ज्या त्या शाळेनं आपापलं ठरवलं. बऱ्याच ठिकाणी तो कपाटावर, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी विसावला. चेंडू वाटता येतो. संध्याकाळी साडेपाचला शिट्टी घेऊन येणारा माणूस वाटता येत नाही.

पायरी सहावी : रेषेवरून मार्गदर्शन करावं.

"मार की रे!" हे मूलभूत तंत्र. "पास कशाला दिलास?" हे प्रगत. घरी जाताना गाडीवर सामन्याचं विश्लेषण करावं. लेकरू मागं बसलेलं असल्यानं त्याला पळता येत नाही.

पायरी सातवी, सर्वांत महत्त्वाची : खो-खोच्या मैदानाकडं लेकराची नजर जाऊ देऊ नये.

धाराशिवात हा धोका पावलोपावली आहे. 27 मीटर बाय 16 मीटर जागा, दोन खांब, चुन्याच्या रेघा, संपलं. चेंडू नाही, बूट नाहीत, मेस्सी नाही. आठ जण आळीपाळीनं उलटसुलट तोंड करून बसलेले, नववा सुटलेला. याच मातीतली सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार झाली आणि 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार घेऊन आली. दहाएक वर्षं आपण एक वेळच्या जेवणावर काढली, असं तिनं स्वतः सांगितलंय. परिस्थितीपुढं खेळ सोडायची वेळ आली, तेव्हा प्रशिक्षक चंद्रजित जाधवांनी तिला परत मैदानावर आणलं. 2025 चा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. असली उदाहरणं लेकराच्या कानावर पडली, तर किटसोबत आणलेला प्रोटीन पावडरचा डबा आपल्यालाच संपवावा लागेल.

एवढी दक्षता घेऊनही एखाद्या संध्याकाळी आणायला जावं, तर फुटबॉलच्या रांगेत आपलं लेकरू नसतं. शोधता शोधता पलीकडं खो-खोच्या पाटीवर, चौथ्या चौकोनात, 10 नंबरची पाठ दिसते. मेस्सी मातीनं लाल झालेला असतो. पाठीमागून कुणीतरी "खो" म्हणून थाप देतं आणि लेकरू असं सुटतं, की दुसरीपासून आजवर आपण त्याला असं पळताना पाहिलेलं नसतं. थाप देणारा त्याच्या जागेवर बसता बसता आपल्याकडं बघून हसतो. हाच तो पक्या.

अशा वेळी पालकानं गडबडून जाऊ नये. कट्ट्यावर बसावं. हाक मारू नये, खो मोडतो. अंधार पडल्यावर लेकराला घरी आणावं आणि 5 नंबरचा चेंडू शाळेला भेट द्यावा. कपाटावरच्याला जोडीदार होईल.