बेगमसाहिबा, तुमची वर्गणी बाकी आहे

प्रति,
बेगम मुमताज महल,
हल्ली मुक्काम आग्रा
(पूर्वीचा पत्ता: जैनाबाद, तापीपलीकडे, बुऱ्हाणपूर)

विषय: अकरावी १९७९च्या तुकडीच्या मेळाव्याची थकलेली वर्गणी

बेगमसाहिबांना आदाब.

पत्र लिहिण्यास कारण की, आमची तुकडी १९६८ साली पहिलीच्या टाटपट्टीवर बसली आणि १९७९ साली अकरावीचं बोर्ड देऊन पांगली. यंदा मेळावा ठरलाय. स्मरणिकेसाठी प्रत्येकाकडून शाळेची एकेक आठवण मागवली, तर एकतीस कागद आले आणि त्यातल्या बावीस कागदांवर तुम्ही निघालात. हजेरीपटावर तुमचं नाव नाही, फी भरल्याची नोंद नाही, छडी तर एकदाही खाल्ली नाहीत. पण तुमच्यावाचून आमची एक इयत्ता गेली नाही. तेव्हा तुम्हाला आमच्या वर्गातलीच धरावं असा समितीने ठराव केला. वर्गातली धरलं की वर्गणी आली. माणशी पाचशे.

याला कारण आमच्या सहली. दुसऱ्या गावांची पोरं अजिंठ्याला जायची, आम्ही दरवर्षी राजघाटावरून नावेत बसून तुमच्याकडे. शाळेला ते स्वस्त पडत असावं. नावेत मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला, मधे गुरुजी, आणि कुणी हललं की गुरुजी रामरक्षा सुरू करायचे. पलीकडे आहुखाना, तुमची पहिली कबर. 'आहू' म्हणजे हरीण, हे आम्हाला सातवीत कळलं. तोवर 'आम्ही इथे आहू' मधलंच ते 'आहू' असणार अशी आमची समजूत होती, आणि तिथे पोचल्यावर ती बरोबरही वाटायची. दशम्या, ठेचा, शहापूरकडच्या पोरांनी आणलेली केळी. सालींवरून जो पहिला घसरेल त्याच्या नावाने वर्षभर हाका.

आता एक शंका. ताजमहाल इथे तापीकाठीच व्हायचा होता, हे बुऱ्हाणपुरात जन्मलेल्या प्रत्येकाला दुधाबरोबर पाजलं जातं. मग का नाही झाला? तिसरीतल्या गुरुजींनी सांगितलं, इथल्या मातीत वाळवी फार. पाचवीतले म्हणाले, मकराण्याचा संगमरवर इथवर आणणं परवडलं नसतं. सातवीतल्या बाईंच्या मते तापीत प्रतिबिंब नीट पडेना. तीन शिक्षक, तीन कारणं, ताजमहाल एकही नाही. परीक्षेत आम्ही तिन्ही लिहायचो. गुण दीडच मिळायचे.

तारखेचीही तक्रार आहे. इथे बुऱ्हाणपुरात तुम्ही डोळे मिटलेत ती तारीख, १७ जून १६३१, पाचवी बोर्डाला घोकून घोकून पाठ केली. बाहेर पावरलूमची खटखट चाललेली असायची, तिच्याच तालावर पाढे आणि तुमची तारीख. पण आमच्या मध्य प्रदेशात शाळा उघडायची १ जुलैला. तुमच्या नावाने एक सुटी मिळाली असती, तीही उन्हाळ्याच्या सुटीत वाया गेली. नंतर डिसेंबरात तुम्हाला आग्र्याला नेलं. टी.सी. न काढता वर्ष अर्ध्यावर सोडणारी पहिली विद्यार्थिनी तुम्हीच. पुढे आमच्यातले निम्मे जळगाव, इंदूर, पुण्याला गेले, पण बिचारे टी.सी. घेऊन गेले.

आमच्या भाषेवर हसू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरी मराठी राहिली, फळ्यावर हिंदी आली, आणि वर्गात दोन्हींची मिसळ झाली: 'गुरुजी, याने माझी कापी फाडली, आता इमला कुठे लिहू?' आमच्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, त्यामुळे या गावाला असल्या मिसळीचं नवल नाही.

एकतीसपैकी सहा कागद मात्र डब्याचे आहेत. सहावीची सहल, कधी नव्हे ती कुंडी भंडाऱ्याला. मोगल सरदार खानखानांच्या काळातली १६१५ची ती करामत: सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर गावात आणलेलं, आणि वर रांगेने कुंड्यांची तोंडं. एका कुंडीत वाकून बघताना एकाचा पितळी डबा आत गेला. भिंतीवर टण्ण, पुन्हा टण्ण, मग काहीच नाही, मग डुबुक. गुरुजींनी नुकतंच शिकवलं होतं की हे पाणी गावात जाली करंजाला येतं. त्यामुळे तो पोरगा दोन दिवस शाळा बुडवून जाली करंजापाशी डब्याची वाट बघत बसला. गंमत अशी की आता चौघं जण छातीठोकपणे सांगतात, डबा माझाच होता. एकाने तर आत वांग्याचं भरीत होतं असंही लिहिलंय. ताजमहालाच्या तीन कारणांवर हसणारे आम्ही!

आठवीत तुमच्या धड्याला मुलं फिदीफिदी हसली. वय अडतीस, चौदावं बाळंतपण. गुरुजींनी डस्टर आपटला. तेवढ्यात मुलींच्या बाजूने हजेरी क्रमांक तेवीसने विचारलं, 'गुरुजी, ती पोरगी जगली का?' गुरुजी म्हणाले, ते कोर्समध्ये नाही.

जगली. गौहरआरा बेगम १७०६ पर्यंत जगली. मला हे चाळिशीत एका पुस्तकात सापडलं, पण सांगायला तेवीस नंबर नव्हती. आठवी बोर्ड झाल्यावर तिचं लग्न रावेरकडे लागलं आणि दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. आम्हाला ते कळलं अकरावीचा निकाल बघायला जमलो तेव्हा, कुणीतरी सहज सांगितलं म्हणून. एकतीस कागदांत तिचं नाव एकदाच आलंय, तेही सालीवरून घसरली म्हणून.

तर हिशेब असा. वर्गणी जवळपास सगळ्यांची जमा आहे. तेवीस नंबरची तिच्या मुलीने गेल्या आठवड्यात पाठवली. पाठवणारीचं नाव वाचून खजिनदाराने आधी चुकून आलेले पैसे म्हणून परत केले होते. तिने फोन करून पुन्हा पाठवले आणि विचारलं, आई अभ्यासात कशी होती? खजिनदाराला काही सांगता आलं नाही. बाकी आता फक्त तुमची.

येणार असाल तर पंजाब मेल आग्र्याहून इकडेच येते. स्टेशन लालबागला, तिथून रिक्षा. जेवणात मांडे, नंतर मावा जिलबी, आणि दुपारी नावेने आहुखाना. तेवीस नंबरची मुलगीही नावेत असेल. तिच्या शेजारी तुमची जागा धरून ठेवतो.

आपला वर्गबंधू,
हजेरी क्रमांक सव्वीस

ता. क. डबा माझा होता. आत भरीत नव्हतं, गुळपोळी होती.