गेलेल्यांची खबरबात : नवशिक्या फॅनसाठी मार्गदर्शन

मँचेस्टर युनायटेडचा फॅन व्हायचं तुम्ही ठरवलंत. ठीक आहे, झालं ते झालं. घरच्यांना सांगायची घाई करू नका. 2024-25 च्या मोसमात हा संघ प्रीमियर लीगमध्ये पंधरावा आला. निदान युरोपा लीग तरी पदरात पडेल म्हणून आपण मध्यरात्री साडेबाराला डोळे ताणून बसलो, तर बिलबाओतली ती फायनलही टॉटनहॅमकडून 1-0 अशी गेली. पण लगेच दोन रात्रींनी, 23 मे 2025 ला, नापोलीनं कालियारीला 2-0 नं हरवून इटलीची लीग, सेरी आ, जिंकली. पहिला गोल स्कॉट मॅकटॉमिनेचा, दुसरा रोमेलू लुकाकूचा. दोघंही आपलेच. म्हणजे, होते.

या शास्त्राचा उगम इथेच आहे. संघ जिंकत नसेल तर संघातून गेलेल्यांचं जिंकणं मोजायचं. त्यासाठी खेळाची जाण लागत नाही, सामनेही बघावे लागत नाहीत. कोण कुठे गेला आणि तो का जायला नको होता, एवढं ठामपणे सांगता आलं की झालं. खालच्या सूचना क्रमानं पाळा. एका मोसमात कट्ट्यावरचे जाणकार व्हाल.

1. आधी सर्वनाम दुरुस्त करा

'युनायटेडनं मॅकटॉमिनेला विकलं' हे वाक्य बातमीदाराचं झालं. फॅन म्हणतो, 'आपण विकला.' म्हणताना आवाजात थोडी जबाबदारी आणा, जणू त्या करारावर साक्षीदार म्हणून तुमचीही सही आहे. तुम्ही कोथरूडला राहता, क्लबचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड फक्त व्हिडिओ गेममध्ये पाहिलंय, अंगातली जर्सी फर्ग्युसन रस्त्यावर घासाघीस करून घेतलेली आहे (रस्त्याचं नाव तरी शुभ आहे, आपल्या जुन्या मॅनेजरच्या नावाशी जुळतं), यानं काहीही बिघडत नाही.

मात्र 'आपण' सरसकट वापरू नका. खेळाडू नावारूपाला आला तर 'आपण' घडवला. महागात पडला तर 'त्यांनी' घेतला. 'ते' म्हणजे ग्लेझर कुटुंब, 2005 पासूनचे मालक. कुठल्याही चर्चेत अडकलात तर 'शेवटी ग्लेझर आहेत तोवर...' एवढं म्हणून वाक्य अर्धवट सोडा. ते पूर्ण करायला कोणीही सांगत नाही.

2. मॅकटॉमिने तोंडपाठ करा

हा या अभ्यासक्रमातला सक्तीचा विषय आहे. लहानपणापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला मुलगा. ऑगस्ट 2024 मध्ये आपण त्याला साधारण अडीच कोटी पौंडांना नापोलीला दिला. पहिल्याच मोसमात लीगचे 12 गोल, विजेतेपद, आणि वर सेरी आच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. नेपल्समध्ये भिंतींवर त्याची चित्रं रंगवली गेली. इटलीतल्या टोमॅटोंचं त्यानं इतकं मनापासून कौतुक केलं की लोकांनी तेही डोक्यावर घेतलं. आपल्याकडे असताना त्याला कोणी टोमॅटोबद्दल कधी विचारलंच नव्हतं. हा मुद्दा आवर्जून मांडा. व्यवस्थापनातली दरी त्यातून दिसते.

पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये त्यानं डेन्मार्कविरुद्ध हवेत उलटं होऊन गोल मारला आणि त्या सामन्यात स्कॉटलंडनं वर्ल्ड कप गाठला. तो व्हिडिओ ग्रुपवर टाका आणि खाली फक्त 'अडीच कोटी' लिहा. बाकी काही नको.

एक सावधगिरी. हे करण्याआधी त्याच ग्रुपवर 2022-23 चे स्वतःचे मेसेज शोधा. 'याला कोण संघात घेतं?', 'मॅकटॉमिने म्हणजे दहा जणांनी खेळणं' अशा अर्थाचं काही सापडेल. आता ते सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, त्यामुळे नवा ग्रुप काढा.

कोणी विचारलंच की इतका चांगला होता तर विकला का, तर हिशेबाच्या पुस्तकात शिरा. इथे खरंच थोडी माहिती लागेल. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची घालतात. अकादमीत वाढलेल्याची खरेदीच नसते, म्हणून तो विकला की येणारी जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. प्रीमियर लीगच्या नियमात तीन मोसमांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालत असे, त्यामुळे जून आला की क्लबांना घरच्याच पोरांकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटे. म्हणजे महागडा आणि न चालणारा खेळाडू विकणं अवघड, आणि घरचा, चालणारा, कमी पगारावरचा विकणं सोपं. हे समजावून सांगताना समोरच्याचा चहा गार होतो. होऊ द्या.

3. दोन्ही बाजूंनी बरोबर राहा

नवशिके इथे घसरतात. गेलेला खेळाडू चमकला की ते गप्प होतात आणि फसला की हसतात. असं करू नका. नकार दिलेलं स्थळ पुढे कलेक्टर झालं तर आपल्याकडची मोठी माणसं काय म्हणतात ते आठवा: 'आम्ही नाही म्हटलं म्हणून तर इरेला पेटला!' आणि तोच पुढे निलंबित झाला तर? 'आम्हाला तेव्हाच लक्षण दिसलं होतं.' पद्धत हीच.

सरावासाठी जेडन सँचो घ्या. 2021 मध्ये 7.3 कोटी पौंडांना डॉर्टमुंडहून आणला. प्रशिक्षकाशी बिनसलं आणि जानेवारी 2024 मध्ये लोनवर पुन्हा डॉर्टमुंडलाच गेला, तिथून थेट चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये खेळला. तुमची प्रतिक्रिया: 'वातावरण मिळालं की फुलतो.' मग चेल्सीकडे लोनवर गेला, कॉन्फरन्स लीगच्या फायनलमध्ये गोल केला. प्रतिक्रिया: 'बघा!' त्यानंतर चेल्सीनं त्याला कायमचा घेण्याऐवजी 50 लाख पौंड दंड भरून परत पाठवला. प्रतिक्रिया: 'बघा!' शब्द तोच. फक्त भुवया बदला.

त्याच फायनलमध्ये समोरच्या रिअल बेटिसकडून अँटनी खेळत होता, तोही आपलाच, तोही लोनवर. चेल्सी 4-1 नं जिंकली, पण तुम्ही दोन्हीकडून हक्क सांगू शकता. पोलंडमध्ये फायनल, एक संघ लंडनचा, दुसरा सेव्हिलचा, आणि अभिमान कर्वे रस्त्यावर. अशी संधी रोज येत नाही.

4. आकडे पौंड-युरोंतच ठेवा

अँटनीला 2022 मध्ये आयॅक्सकडून साडेनऊ कोटी युरोंच्या आसपास घेतला आणि 2025 मध्ये बेटिसला त्याच्या एका तुकड्यात दिला. या आकड्यांचं रुपयांत रूपांतर करू नका. एकदा कोणीतरी मोबाइलवर गुणाकार केला की चर्चा फुटबॉलवरून थेट बाणेरमधल्या फ्लॅटच्या दरावर जाते आणि तिथून परत येत नाही.

5. ज्येष्ठता हवी असेल तर फोर्लान काढा

मॅकटॉमिने सगळ्यांना ठाऊक असतो. ग्रुपमध्ये वजन हवं असेल तर जुनं दुखणं लागतं. दिएगो फोर्लान 2002 मध्ये युनायटेडला आला, आणि पहिला गोल करायला त्याला आठ महिने लागले, तोही पेनल्टीवर. लीगमध्ये एकूण 63 सामने, 10 गोल. 2004 मध्ये व्हियारेआलला दिला. पुढच्याच मोसमात त्यानं स्पेनमध्ये सर्वाधिक गोल केले, आणि 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सगळं एका दमात सांगा आणि समोरच्या पोराला विचारा, 'तू तेव्हा कितवीत होतास रे?'

यावर हुकमाचा पत्ता असा: हाच फोर्लान 2016 मध्ये मुंबई सिटीकडून अंधेरीच्या मैदानावर खेळला आणि केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली. वर्ल्ड कपचा गोल्डन बॉलवाला एका बसच्या अंतरावर होता. तुम्ही गेला होतात का? नसाल तर 'तिकीट होतं, पण ऑफिसचं काम निघालं' असं म्हणा. अंधेरीचं नाव घेतलं की सगळे ट्रॅफिकवर बोलायला लागतात आणि तुम्ही सुटता. कोणी फारच चिवट असेल तर त्याला कोचीला पाठवा. पुढच्या मोसमात तिथल्या ब्लास्टर्सकडे बर्बातोव आणि वेस ब्राऊन होते, दोघंही पूर्वीचे आपलेच.

पिकेचं नाव मात्र जपून काढा. 2008 मध्ये आपल्याकडून बार्सिलोनाला परत गेला, 2009 आणि 2011 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये आपल्याच विरुद्ध जिंकला. त्या विषयावर काही ज्येष्ठ मंडळी अजून जेवणावरून उठतात.

6. एखादा परका संघ दत्तक घ्या

2020-21 चा इंटर मिलान उत्तम. लुकाकू, अॅशली यंग, अॅलेक्सिस सांचेझ, दार्मियान, चारही आपल्याकडून गेलेले, आणि इंटर विजेता. 'तो खरं म्हणजे आपलाच किताब,' असं शांतपणे म्हणा. इंटरचे फॅन इथे कमीच आहेत, हरकत घेणार कोण?

क्रिस्टल पॅलेसही चालेल. मे 2025 मध्ये त्यांनी एफए कप जिंकला, तोही मँचेस्टर सिटीला हरवून, आणि त्यात आपल्याच अकादमीतल्या डीन हेंडरसननं पेनल्टी अडवली. सिटी हरली आणि आपला जिंकला, दोन सण एका दिवशी. त्याच सामन्यात त्यानं बॉक्सबाहेर चेंडूला हात लावला होता आणि लाल कार्ड मिळालं नव्हतं, हा तपशील तुम्हाला माहीत नाही.

7. परत येणाऱ्यांपासून सावध

पॉल पोग्बा 2012 मध्ये जवळपास फुकट युव्हेंटसला गेला, 2016 मध्ये 8.9 कोटी पौंडांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी किमतीला परत आला, आणि 2022 मध्ये पुन्हा फुकट, पुन्हा युव्हेंटसलाच गेला. यावर भाष्य करू नका. नुसतं हे वाक्य सावकाश म्हणा आणि पाणी प्या.

रोनाल्डोचं वेगळं. 2009 मध्ये 8 कोटी पौंडांना माद्रिदला दिला, 2021 मध्ये परत आणला, नोव्हेंबर 2022 मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीनंतर करार संपवून मोकळा केला. मग अल नस्र. आणि तो क्लब 22 ऑक्टोबर 2025 ला चक्क गोव्यात आला, फातोर्ड्याला, एफसी गोवाविरुद्ध! पुण्या-मुंबईहून बसची बुकिंग पाहिली गेली, सुट्टीचे अर्ज गेले. क्लब आला, रोनाल्डो आला नाही. अल नस्र 2-1 नं जिंकला, ब्रायसन फर्नांडिसनं गोव्याचा गोल केला. तुम्ही गेला असाल तर 'मी एफसी गोवासाठीच गेलो होतो' असं सांगा. गोव्याच्या लोकांना बरं वाटेल, आणि ते खरं असायला काय हरकत होती?

8. आपल्याविरुद्धच्या गोलची तयारी ठेवा

गेलेला माणूस आपल्याविरुद्ध गोल करणारच, हे धरून चाला. 1 एप्रिल 2025 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या अँथनी एलांगानं स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू घेऊन पळत जाऊन गोल मारला आणि आपण 1-0 नं हरलो. तारीख पाहून काहींना वाटलं थट्टा आहे. त्याला आपण 2023 मध्ये दीड कोटी पौंडांना दिला होता. फॉरेस्टनं पुढे 5 कोटींच्या वर किमतीला न्यूकॅसलला विकला.

अशा वेळी गोल करणारा साजरा करतो का, याकडे लक्ष ठेवा. हात वर करून माफी मागितल्यासारखं केलं तर 'संस्कार आपले आहेत' म्हणा. उड्या मारल्या तर 'म्हणूनच विकला'. हरलेल्या सामन्यावर बोलण्याची वेळच येत नाही. नवशिक्याला याचा फायदा लवकर कळत नाही.

सराव करायचा तर डॅनी वेल्बेकवर करा. 2014 मध्ये आर्सेनलला विकला, मार्च 2015 मध्ये त्यानंच ओल्ड ट्रॅफर्डवर गोल करून आपल्याला एफए कपमधून बाहेर काढलं. पुढे ब्रायटनला गेला, तिथूनही ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याविरुद्ध गोल. ऑक्टोबर 2025 मध्ये आणखी एक. तेव्हा ब्रायटनचा सामना असेल त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधीच ग्रुपवर लिहून ठेवा: 'आज वेल्बेक.' गोल झाला तर तुमचा शब्द शिलालेख झाला. नाही झाला तर आपण बहुधा जिंकलो असू, आणि त्या गडबडीत तुमचा मेसेज कोणी वाचणार नाही.