सायकलवरचे डाकू

डाकूपटाच्या खर्चाला कात्री लागली की सगळ्यात आधी घोडे जातात. घोडा खातो, लाथा मारतो आणि रिटेक म्हटलं की मान फिरवतो. २००० च्या सुमारास मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही पन्नासेक हजारांत. एवढ्यात घोडा सोडा, त्याचा चाराही बसला नसता. म्हणून त्यांचे डाकू सायकलवरून आले आणि आगगाडीऐवजी बसच्या मागे लागले. गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती. नट म्हणजे गावातलेच लोक, त्यांत यंत्रमागावर राबणारेही.

आमच्या आचोळ्याच्या इमारतीत गिरगावातून आलेले एक काका आहेत. त्यांनी मूळ ‘शोले’ मिनर्व्हाला पाहिलाय, सत्तर एमएमवर. अमिताभने नाणं उडवलं की ते आपल्याच खुर्चीखाली पडलंय असं वाटून लोक शोधायला वाकायचे, हे ते अजूनही वाकून दाखवतात. सरळ व्हायला मात्र हात द्यावा लागतो. त्यांना मी मोबाईलवर मालेगावचे सापडले तेवढे तुकडे दाखवले.

“अरे, सायकलवाले बसला गाठतात कसे?” काकांचा पहिला आक्षेप.

“काका, संध्याकाळी सहाला आचोळे रोडवर उभे राहा.”

काका गप्प झाले. त्या वेळी तिथे सायकलवाला बसला मागे टाकतो, तेही हँडलला दुधाची पिशवी अडकवून. उलट मला पनवेलजवळ चित्रित झालेला मूळ ‘शोले’तला गाडीवरचा दरोडाच पटत नाही. सकाळच्या विरार लोकलमध्ये घोड्यावरून उडी मारून कुणी शिरून दाखवावं! डाकूला आत घेणं तर सोडाच, “पुढे चला” म्हणून त्याच्या पाठीत कोपर बसेल.

दोष आहेतच. स्वस्तातल्या सिनेमाची खरी बोंब आवाजाची. चित्र अंधूक असलं तरी माणूस डोळे बारीक करून बघतो, पण खलनायकाच्या आरोळीत वारा घुसला की त्याची दहशत संपते. गोळी आधी लागते आणि मग सुटते. मेलेला डाकू ऊन लागलं म्हणून कूस बदलतो.

पण गरिबीचे फायदेही असतात. सर्जिओ लिओनेने १९६४ चा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ इतक्या काटकसरीत केला, की क्लिंट ईस्टवुड आपले बरेचसे कपडे स्वतःच घेऊन गेला. तोच वेश पुढे जगभर गाजला. नासिर यांनी कॅमेरा सायकलवर बसवून ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. नाही ते नाही, हे प्रेक्षकाला सरळ दिसतं, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही.

याउलट १९९१ चा ‘रामगढ के शोले’. गब्बर खरा, म्हणजे साक्षात अमजद खान. भोवती अमिताभ, देव आनंद, अनिल कपूर, गोविंदा यांचे तोतये. बिचाऱ्या गब्बरने आयुष्यभर दरोडे घातले, शेवटी त्यालाच नकली माल मिळाला.

तेव्हा मालेगावचा जरूर पाहा, रामगढचा राहिला तरी बिघडत नाही. फक्त एकट्याने पाहू नका. चार डोकी जमवा, आणि आवाज जरा कमीच ठेवा.