नोंदोपंत

नोंदोपंतांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं आहे. आमच्या सहकारी बँकेच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना नोंदोपंत म्हणतात आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. हे नाव पहिल्यांदा कोणी आणि कधी वापरलं, असं विचारलं तर ते डायरी उघडून तारीख सांगतील. म्हणून कोणी विचारत नाही.

हा नमुना काही एकट्या आमच्या बँकेची मिरासदारी नाही. जिथे चार संगणक एका वायरीला जोडले गेले, तिथे असा एक माणूस आपोआप तयार होतो. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि चेहऱ्यावर कायम एकच काळजी, की जगात कुठेतरी काहीतरी घडतंय आणि कोणी ते लिहून घेत नाहीये. "पंत, कालपासून प्रिंटर चालत नाही," असं म्हणा. प्रिंटरकडे ढुंकूनही न बघता ते विचारतील, "कालपासून म्हणजे किती वाजल्यापासून?" आता प्रिंटर बंद पडलेला माणूस मुहूर्त काढून थोडाच येतो? पण वेळ सांगितल्याशिवाय पंत खुर्चीतून उठत नाहीत.

ते बँकेत लागले तेव्हा खतावण्या हाताने लिहायचे दिवस होते. संध्याकाळी किर्द जुळली नाही की अख्खी शाखा थांबायची. बाकीचे कपाळाला हात लावून थांबायचे, पंत आनंदाने थांबायचे. काही रुपये आणि सुटे पैसे एवढ्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत बोट फिरवत आकडे वाचणं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात रम्य काळ. मग संगणक आले, किर्द आपोआप जुळायला लागली आणि पंत पोरके झाले. संगणक विभागात त्यांनी बदली मागून घेतली ती, या यंत्रात फरक लपायला जागा जास्त आहे, असा वास त्यांना आला म्हणून.

वास खरा निघाला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ तारखेला सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी खोटी कार्डं वापरून देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या सहकारी बँकांच्या संचालकांना एकदम संगणकाविषयी भक्ती उत्पन्न झाली. पुढे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेचा, आदेश आला: सगळ्या यंत्रणांचे लॉग, म्हणजे नोंदी, चालू ठेवा, मागच्या १८० दिवसांचे जपा, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. लोकांना त्यात कटकट दिसली. नोंदोपंतांनी मात्र तो आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. आयुष्यभर जे करण्याबद्दल लोक हसले, ते न करणं आता बेकायदा ठरलं होतं.

संचालक मंडळापुढे त्यांनी घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेचा प्रस्ताव ठेवला. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटल्यावर माना डोलल्या. ते चालवायला सर्व्हर आणि डिस्का विकत घ्याव्या लागतील म्हटल्यावर माना थांबल्या. मग एका ज्येष्ठ संचालकांनी, जे तालुक्याच्या राजकारणातून आले आहेत, मुद्द्याला हात घातला.

"पंत, हे यंत्र स्विचला लावणार ना?"

"हो. स्विचवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची एक प्रत याच्याकडे येईल. मिरर पोर्ट म्हणतात त्याला."

"बरं. मग चोर आला, की हे काय करणार?"

"लिहून ठेवणार."

"अडवणार नाही?"

"नाही. अडवायला फायरवॉल आहे. हे लिहून ठेवणार."

"अहो, आमच्या तालुक्याच्या चौकीत हेच होतं. आणि तिथं फुकटात होतं."

सभा हसली. पंत हसले नाहीत, कारण त्यांना त्यात विनोद दिसला नाही. त्यांच्या मते चौकीतल्या ठाणे अंमलदाराची वही ही पोलीस खात्यातली सर्वोत्तम गोष्ट आहे. पंतांची गोम इथेच आहे, आणि ती समजली की माणूस समजतो. चोर पकडण्यात त्यांना फारसा रस नाही. चोर कुठल्या दाराने आला, किती वाजता आला आणि किती बाइट घेऊन गेला, हे लेखी असलं की त्यांच्या दृष्टीने निम्मा माल परत मिळाल्यात जमा असतो.

यंत्रणा मंजूर झाली. तिचं नाव सुरिकाटा. आफ्रिकेच्या कोरड्या मुलखात मागच्या पायांवर उभं राहून आळीपाळीने पहारा देणारा मीरकॅट नावाचा लहानसा प्राणी असतो, त्याच्या शास्त्रीय नावावरून ठेवलेलं. ही माहिती पंतांनी परिपत्रक काढून सर्वांना कळवली. ती कोणी वाचली नाही आणि दोन दिवसांत सुरिकाटाचं सूर्यकांत झालं. "सूर्यकांत झोपलाय का?" "सूर्यकांतची डिस्क भरली." रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, हे सूर्यकांत साहेब कोण, रोज रात्री आत असतात म्हणे, पण माझ्या रजिस्टरला त्यांची सही कशी नाही?

सूर्यकांतने पहिल्याच दिवशी इतक्या तक्रारी लिहिल्या की पंतांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. बँकेवर चहूकडून हल्ला चालू आहे, असंच वाटावं. शोध घेतला तेव्हा कळलं, की स्विचवर एकाच दिशेची रहदारी आरशात पाडली गेली होती. सूर्यकांतला प्रश्न ऐकू येत होते, उत्तरं नाहीत, आणि प्रत्येक अर्धवट संवादाबद्दल तो इमानेइतबारे एक ओळ खरडत होता. ते दुरुस्त झालं. मग दुसरंच निघालं. या यंत्राला सुरुवातीलाच सांगावं लागतं, की घरातले पत्ते कुठले आणि बाहेरचे कुठले. १०, १७२.१६ आणि १९२.१६८ हे घरगुती वापरासाठी राखलेले पत्ते ते मुळातच धरून चालतं. पण आमच्या एका जुन्या शाखेत कुणा एके काळच्या वेंडरने सगळ्या संगणकांना १९२.१.१ ने सुरू होणारे पत्ते देऊन ठेवले होते. टाइप करायला सोपे, एवढाच विचार. जगाच्या दप्तरी ते पत्ते अमेरिकेतले. त्यामुळे त्या शाखेत आजीबाईंनी पेन्शन काढली, की सूर्यकांत लिहायचा, अमेरिकेतून कोणीतरी आपल्या सर्व्हरला हात लावतंय. आठवडाभर ती शाखा परकी शक्ती म्हणून नोंदली जात होती. शाखेतल्या मंडळींना हे कळल्यावर ती चिडली. मुख्य कचेरीला नवल वाटलं नाही. त्या शाखेबद्दल आमचं मत पूर्वीपासून तसंच आहे.

पण पंतांना खरा ताप दिला घड्याळांनी. फायरवॉल जागतिक वेळेवर, सर्व्हर भारतीय वेळेवर. तीच जोडणी एका लॉगमध्ये दुपारी ४.१० ला, दुसऱ्यात रात्री ९.४० ला. आणि तळमजल्यावरचा एक स्विच वीज गेली की सरळ १ मार्च १९९३ ला जाऊन बसायचा. पंत त्या स्विचसमोर उभे राहिले, तेव्हा वडिलांनी नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसे दिसत होते. घड्याळं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, असं सर्ट-इनच्या त्याच आदेशात आहे. ते कलम छापून पंतांनी सर्व्हर-खोलीच्या दारावर चिकटवलं. खोलीत दोन माणसं जातात, त्यांतले एक पंत.

मग पोचेचा प्रश्न आला. यंत्रांनी आपापले लॉग एका मध्यवर्ती जागी पाठवण्याची जी जुनी रीत आहे, सिसलॉग, ती १९८०च्या दशकात एरिक ऑलमनने सेंडमेल या टपाल-सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी काढली. ती पुढे सगळ्यांनीच उचलली. तिचा रूढ मार्ग म्हणजे यूडीपीचं ५१४ नंबरचं दार, आणि यूडीपीत पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. ओळ पोचली तर पोचली. वाटेत गळली तर गळली, कोणी रडणार नाही. हे ऐकून पंतांना रात्री झोप लागली नाही. हा माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरोघर गेला तेव्हा जावक रजिस्टर घेऊन गेला होता आणि पत्रिका मिळाल्याच्या सह्या घेऊन आला होता. त्याने पोच न घेता लॉग पाठवायचा? शनिवार-रविवार बसून त्यांनी सगळी यंत्रं पोच देणाऱ्या टीसीपीवर आणली, वर टीएलएसचं कुलूप लावलं, आणि सोमवारी प्रथमच बँकेत शीळ वाजवत आले.

पंतांचं दैवत एकच, क्लिफर्ड स्टोल. हा खगोलशास्त्राचा माणूस १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळायला बसला आणि त्याला हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला. एवढ्याशा फरकामागे लागून तो शेवटी पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका हॅकरपर्यंत पोचला. तो हॅकर अमेरिकन लष्करी संगणकांतली माहिती चोरून केजीबीला विकत होता. दुसरा कोणी ही गोष्ट सांगेल तर केजीबीपासून सुरुवात करेल. पंत केजीबीपर्यंत पोचतच नाहीत. त्यांची गोष्ट शुक्रवार संध्याकाळपाशी रंगते, जेव्हा स्टोल लोकांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणतो, बाहेरून येणाऱ्या पन्नासेक फोनलाइनींना जोडतो आणि त्यांच्यामध्ये जमिनीवर झोपतो. "प्रत्येक लाइनीला प्रिंटर!" पंत म्हणतात, आणि त्यांचा आवाज ओला होतो. खतावणीच्या काळातले दोन निवृत्त हेडक्लार्क हे ऐकून हमखास मान हलवतात. ७५ सेंटचा फरक म्हणजे काय, हे त्यांना केजीबीशिवायही कळतं.

मागच्या वर्षी विभागात एक नवी मुलगी लागली. हुशार, कामाचा उरक दांडगा. तिने आठवड्यात हिशेब मांडला, की सूर्यकांतच्या बहुतेक तक्रारी पाच-सहा निरुपद्रवी गोष्टींबद्दलच असतात. अँटीव्हायरस स्वतःला ताजं करतो, प्रिंटर उगाच नेटवर्कभर हाका मारत फिरतो, आणि आपलाच तपासणी-स्कॅनर दर बुधवारी आपल्यावरच चाल करून येतो.

"सर, हे नियम दाबून टाकूया. या ढिगाऱ्यात खरी तक्रार आली तरी आपल्याला दिसणार नाही."

"दाब की. पण ओळी राहू देत."

"पण सर, या वाचणार कोण?"

"वाचायला नाही गं. असू देत."

माझ्या मते मुलीचंच बरोबर होतं. इशारा वाजला, पण रोजच्या कलकलाटात कोणी उठलं नाही, असं मोठमोठ्या कंपन्यांत झालेलं आहे. पण पंतांनी तिला पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचा दाखला दिला. मोडीतले कागद रुमालांच्या गाठोड्यांत पडून राहिले म्हणून तर १९३०च्या दशकात गो. स. सरदेसायांना त्यातले निवडक काढता आले, आणि नुसते निवडकच ४५ खंड भरले! ते लिहिणाऱ्या कारकुनाला, हे कोण वाचणार, असं कोणी विचारलं असतं तर? मुलगी म्हणाली, "सर, पेशव्यांची डिस्क भरायची नाही." यावर पंतांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी एवढंच केलं, की कोणता नियम कोणी, कधी आणि का दाबला, याची एक वेगळी वही उघडली. ती मुलगी आता त्या वहीत मुकाट्याने लिहिते. अक्षर सुरेख आहे.

आणि एकदा सूर्यकांतला खरंच काहीतरी सापडलं. आतलं एक यंत्र दर मिनिटाला, घड्याळ लावल्यासारखं, परदेशातल्या एका सर्व्हरला हाक मारत होतं. पंतांनी रात्री मुलीला उठवलं, मुलीने मॅनेजरना उठवलं, सहा तासांचं घड्याळ सुरू झालं. पहाटे तपास लागला. तो सीसीटीव्हीचा रेकॉर्डर निघाला, चोरांवर नजर ठेवायला भिंतीवर बसवलेला. दुरून चित्र बघता यावं म्हणून कारखान्यातूनच त्याला ही सवय लावून पाठवलेली, आणि ती बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. वायर काढली. कळवण्याजोगं काही नव्हतं, तरी पंतांनी सतरा पानांचं टिपण लिहिलं.

त्या टिपणामुळे पंतांना पुन्हा संचालक मंडळापुढे बोलावणं आलं. कौतुक झालं, चहा झाला. मग तालुक्याच्या त्याच ज्येष्ठ संचालकांनी सहज विचारलं, की या सूर्यकांतला नेमकं काय काय दिसतं हो? पंत खुलले. आजकाल सगळं बंद पाकिटात जातं, आतलं पत्र दिसत नाही, पण पाकिटावरचं नाव दिसतं. कोणी कोणती साइट उघडली, किती वाजता, किती वेळ. आणि हे सगळ्या बँकेचं? सगळ्या बँकेचं. वरच्या मजल्यावरचंसुद्धा? पंतांनी डायरी काढली नाही, पण हात खिशाकडे गेला. म्हणाले, संचालकांच्या खोलीतलं वायफायही त्याच स्विचवरून जातं. उदाहरणार्थ, मागच्या महिन्याच्या कर्जमंजुरीच्या सभेत, दुपारी ३.१२ ते ४.२०...

"कळलं, कळलं," अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत बँकेच्या इतिहासातला सर्वांत जलद ठराव एकमताने पास झाला: शासनाच्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावेत. त्यापेक्षा एकही दिवस जास्त ठेवू नयेत, १८१व्या दिवशी ते कायमचे पुसावेत आणि तसं केल्याची खात्री खुद्द नोंदोपंतांनी द्यावी.

पंतांनी ठराव शब्दशः उतरवून घेतला. उतरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, रोज काय पुसलं, त्याची यादी ठेवायची का? अध्यक्ष तोवर उठले होते. ठरावात त्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं, आणि जे मना केलेलं नाही त्याला मंजुरी आहे, असा बँकेचा जुना शिरस्ता आहे. पंतांनी त्याच दिवशी नवी डिस्क मागवली.