पायताण कुठं काढायचं, कुठं घालायचं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत सकाळी दूध आणायला अनवाणी निघालेल्या माणसाकडे लोक दोनच नजरांनी बघतात. एक नजर श्रद्धेची, "काका, नवस हाय काय?" दुसरी काळजीची, "पायताण गेलं काय चोरीला?" पायाला जमीन आवडते म्हणून माणूस अनवाणी चालतो, हे तिसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही आणि सांगितलं तरी पटत नाही. "काच लागंल बघा", "पायात काय तर घाला की ओ", "या वयात शोभतंय का" असं म्हणत गल्लीतली निम्मी माणसं आपल्याच पायातल्या सपाता काढून द्यायला तयार होतात.

हीच मायाळू माणसं दवाखान्याच्या दारात, फिनेलने नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर, मला चप्पल काढायला लावतात. आणि हीच माणसं आपल्या पोरांना जूनच्या पावसात मोजे-बूट चढवून शाळेत पाठवतात. पाय जिथं मोकळा हवा तिथं आपण तो कोंडतो आणि जिथं झाकायला हवा तिथं उघडा पाडतो. या उलट्या कारभाराचा मला मनापासून राग येतो. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? जन्मभर ज्यांच्यावर उभं राहायचं त्या पायांची गोष्ट एवढीशी कशी असेल, ते मला समजत नाही.

लांब जायचं असलं की मी कोल्हापुरी घालतो. तळ सपाट, टाच उंच नाही, बोटं मोकळी, वारा लागतो. चांगल्या जोडाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, तळाला म्हशीचं आणि वेणीला शेळीचं. शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा कुठंही नाही. पूर्वी कारागीर कागदावर पाऊल ठेवायला सांगायचा आणि पेन्सिलीने कड आखून घ्यायचा. डावा-उजवा पाय थोडा लहानमोठा असतो हे त्याला माहीत असायचं. आता दुकानात पहिला प्रश्न येतो, "नंबर किती?" आठ म्हटलं की खोक्यातून आठ निघतो. अंगठा नको तिथं रुततो, पट्टा आवळतो. "वापरून सैल होतंय" हे ठरलेलं उत्तर.

वापरून ती सैल होते, हे खरंच आहे. नवी कोल्हापुरी चावते. रात्री तेल लावून ठेवावं लागतं आणि सुरुवातीला घरातल्या घरात थोडी थोडी घालावी लागते. मग हळूहळू तळावर टाचेचा आणि बोटांचा ठसा उमटतो. तो उमटला की ती चप्पल त्या एकाच माणसाची झाली. दुसऱ्याच्या पायाला ती पुन्हा पहिल्यापासून चावणार. एवढी मेहनत घेतलेला जोड मंगल कार्यालयाच्या दारात काढायचा, अक्षता टाकून आणि जेवून बाहेर यायचं, तर तिथं आपल्याच रंगाचा, आपल्याच नंबरचा आणि भलत्याच पायाचा जोड वाट बघत असतो. चप्पलचोराचा मला एवढा राग येत नाही, त्याला निदान गरज असेल. पण "सारखीच तर दिसतीया" म्हणून न बघता पाय सरकवून जाणाऱ्याला क्षमा नाही. पायात घातल्या घातल्या समजतं की ही आपली नव्हे. तरीही ते गृहस्थ गाडीवर बसून निघून जातात.

दुसरी तक्रार नावाची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे चार. म्हणजे या आठ जिल्ह्यांबाहेरच्या किंवा ठरलेल्या रीतीने न बनवलेल्या चपलेला ते नाव लावता येत नाही. तरीही रेक्झिनची, सरसाने चिकटवलेली, रबरी तळाची चप्पल बिनदिक्कत "कोल्हापुरी" म्हणून विकली जाते. पहिल्या पावसात तिचा तळ सुटतो, आणि घेणारा पर्यटक गावी जाऊन सांगतो की कोल्हापुरी टिकत नाही. कोल्हापुरातल्या सुभाषनगरात घरच्या घरी वेणी विणणाऱ्या आणि वादीने तळ शिवणाऱ्या बायकांच्या हातांवर हा आळ येतो. म्हणून घेताना कान दुमडून बघा, शिवण बघा, तळ वाकवून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखीच अंगठ्याची चामडी चप्पल मॉडेलांच्या पायात दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेले. तेव्हा चिडलेल्यांत मीही होतो, आणि तो राग योग्यच होता. पण त्याच रागाने आपण आपल्याकडेही बघायला हवं. आपल्याच शहरात मुलाखतीला कोल्हापुरी घालून गेलेल्या पोराला "जरा नीट बूट घालून यायचं" असं ऐकवतात. पायाला घाम आणणारे, बोटं एकमेकांवर चढवणारे काळे बूट म्हणजे नीटपणा, हे आपण कुणाकडून शिकलो ते सर्वांना माहीत आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन अनवाणी राहत. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना त्याच कारणावरून आत घेतलं नाही. इंग्रज जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी देशातला एवढा मोठा चित्रकार पायांमुळे दारात अडला.

आता पावसाळा. कोल्हापुरी भिजली की फुगते, म्हणून मृगाच्या आधी ती पुसून, तेल लावून माळ्यावर जाते आणि पायात पावसाळी चप्पल येते. तिचा दोष प्रत्येकाने आपल्या पाठीवर वाहिलेला आहे. प्रत्येक पावलाला ती मागून चिखल उडवते. पायजमा पोटरीपर्यंत ठिपक्यांनी भरतो, भरभर चालणाऱ्याचे ठिपके थेट कमरेपर्यंत जातात, आणि माणसाला ते घरी पोचेपर्यंत दिसत नाहीत. अनवाणी पाय असा चिखल उडवत नाही. पाऊस थांबल्यावर ओल्या रस्त्यावर अनवाणी चालून बघा, कपडे कोरडे राहतात आणि पाय दाराशी एका तांब्यात धुऊन होतात.

पण माझा खरा जीव तुटतो तो शाळेच्या पोरांसाठी. कोल्हापूरचा जून-जुलै म्हणजे धो धो. सकाळी आमच्या गल्लीतून पोरं निघतात ती काळे बंद बूट आणि नायलॉनचे मोजे घालून, कारण गणवेशात तेच लिहिलेलं आहे. रिक्षापर्यंत जातानाच बूट भिजतात. मग दुपारपर्यंत ती पोरं पाणी भरलेल्या बुटात पाय ठेवून बेरजा-वजाबाक्या करतात. घरी आल्यावर मोजा सोलून काढावा लागतो, पाय पांढरे पडून सुरकुतलेले असतात आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. रात्री आई बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, पंख्याखाली ठेवते, सकाळी ते तसेच ओले आणि कुबट. पोराने सँडल घालून शाळा गाठली तर डायरीत शेरा येतो. एका पालकसभेत मी हा विषय काढला, तर "शिस्तीचा प्रश्न आहे" एवढं एकच उत्तर मिळालं. ओल्या बुटाने कोणती शिस्त लागते, ते तिथं कुणी सांगितलं नाही.

यावर अभ्यास झालेला आहे, आणि तो युरोप-अमेरिकेत नाही, शेजारच्या कर्नाटकात, मणिपालला. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पायताण घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त होतं, सँडल-सपाता घालणाऱ्यांत त्याहून कमी. लहान वयात बंद बूट घातले तर पावलाची कमान नीट घडत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या वयात आपण पोराला बालवाडीत घालतो आणि पहिल्यांदा बुटाची नाडी बांधायला शिकवतो, नेमकं तेच वय. हा निष्कर्ष छापून तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, पण गणवेशाच्या चिठ्ठीतून काळे बूट काही हलले नाहीत.

"अनवाणी चालून पाय राठ होतात, मग काही जाणवत नाही," असंही लोक सांगतात. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. जाड झालेली कातडी पायाचं रक्षण करते आणि जमिनीची जाणीवही कमी करत नाही, असं त्यात दिसलं. बुटाचा जाड मऊ तळ मात्र ती जाणीव अडवतो. आपल्या तालमीत हे न छापताही ठाऊक आहे. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत पैलवान अनवाणी उतरतो, बोटं रोवतो आणि समोरच्याचा तोल पायाने ओळखतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून हे चाललं आहे. मॅटवर गेलं की बूट घालावे लागतात, तो खेळाचा नियम आहे, मान्य. पण मातीतला सराव सोडू नका, एवढं तरी पोरांना सांगायला हवं.

आणि मग दवाखाना. "चपला बाहेर काढाव्यात" ही पाटी तिथं इतकी ठरलेली आहे की कुणी वाचतही नाही, हात आपोआप पट्ट्याकडे जातो. आत ताप, खोकला, जखमा घेऊन आलेली माणसं एकाच फरशीवर अनवाणी उभी असतात. कुठं सलाईन सांडलेलं, कुठं ड्रेसिंगचा तुकडा पडलेला. स्वच्छतागृहातही तसंच जायचं, किंवा तिथल्या एकुलत्या एक ओल्या सपातेत पाय घालायचा. मधुमेहाच्या माणसाला डॉक्टर स्वतःच बजावतात की घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. पायाची संवेदना गेलेली असते, टाचणी घुसली तरी कळत नाही, छोट्या जखमेचं मोठं प्रकरण होतं. त्याच माणसाला त्याच डॉक्टरांच्या दारात मऊ रबराची (एमसीआर) चप्पल काढायला लावतात. शेजारच्या एका मावशींसोबत मी अशा दारात उभा राहिलो आहे. मी म्हटलं, "ह्यांना शुगर आहे, चप्पल राहू द्या." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सगळ्यांना सारखाच नियम आहे, काका." मावशीच मला म्हणाल्या, "जाऊ दे, कशाला वाद." त्या अनवाणी आत गेल्या. मला अजून वाटतं की तो वाद घालायला हवा होता.

देवळाचं थोडक्यात सांगतो. देवळात अनवाणीच जायचं, त्यात मला आनंद आहे. पण चैत्रात चप्पल स्टँड रस्त्याच्या एका टोकाला आणि दरवाजा दुसऱ्या टोकाला असेल, तर मधल्या डांबरावर म्हाताऱ्या माणसांचे पाय भाजतात. स्टँड दाराजवळ हवा, नाहीतर दारापर्यंत काथ्याची पट्टी हवी.

राहिला रस्ता. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारपेठ म्हणून वसवली. इथल्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे आहेत. सरळ रस्ता पायाला सोपा असायला हवा. पण बांधकामाची खडी पडते ती महिनोन्महिने तशीच. पार्सलचं खोकं उघडलं की पिना रस्त्यावर. ट्यूबलाइट गेली की कचऱ्याच्या ढिगाशी उभी करून फोडायची. झाडाभोवतीची उरलेली वीतभर माती पेव्हिंग ब्लॉकने बंद करायची. मग अनवाणी माणसाला म्हणायचं, "काच लागंल बघा." काच आपण टाकली म्हणून लागते. पुराची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुंभार गल्लीत शिरलं, त्यानंतरच्या गाळात मीसुद्धा गमबूट घातल्याशिवाय पाय ठेवला नाही, आणि कुणीही ठेवू नये. लेप्टोचे जंतू पायाच्या एवढ्याशा जखमेतून आत जातात.

नवरात्रात याच रस्त्यांवरून शेकडो माणसं अनवाणी चालतात. पहाटे बायका आणि तरुण पोरं अंबाबाईला आणि नवदुर्गांच्या दर्शनाला निघतात, नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. त्या दिवसांत कुणी कुणाला "नवस हाय काय" विचारत नाही, आणि मला शहर अगदी आपलं वाटतं.

म्हणून तीन मागण्या आहेत. शाळांनी जून ते सप्टेंबर बुटाची सक्ती उठवावी आणि उघडी सँडल गणवेशात बसवावी. दवाखान्यांनी शुगरच्या रुग्णाची चप्पल काढायला लावू नये, आणि बाकीच्यांसाठी धुतलेल्या रबरी सपातांचं एक खोकं दारात ठेवावं. आणि गल्लीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, फुटकी काच आणि पिना कागदात गुंडाळून, वर "काच" असं लिहून घंटागाडीत द्या. नवरात्रापुरतं नको, बारा महिने.