नुसता टेकवा!

1 मे 2018 रोजी राज्य सरकारने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. पंधरा रुपये भरा, उतारा काढा. तलाठ्याची सही नको, शिक्का नको. पोलादपूरकडच्या आमच्या दादाकाकांना हे कळलं तेव्हा ते काळजीने म्हणाले, "मग भाऊसाहेब करणार काय?"

काकांचा सातबारा म्हणजे वीस गुंठे भातजमीन आणि पानभर नावं. निम्मे खातेदार मुंबईला, उरलेल्यांतले काही त्याहून लांब, पण वारसनोंद बाकी. कर्जासाठी उतारा हवा होता, तो सेंटरवाल्या पोराने पाच मिनिटांत काढून दिला. कर्ज देणाऱ्या साहेबांनी तो उलटासुलटा केला, उजेडाला धरला. 'सही-शिक्क्याची आवश्यकता नाही' ही तळाची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली आणि कागद परत सरकवला, "यावर शिक्का आणा."

तलाठी भाऊसाहेब महाडला, नव्या ॲपच्या प्रशिक्षणाला. भेटले तेव्हा कळवळून म्हणाले, "काका, हा डिजिटल आहे. मी मारायचा नसतो."

"मारू नका हो, नुसता टेकवा!"

टेकवला. संगणक शिकवायला प्रशिक्षणं झाली, शिक्का सोडवायला कुणी नेमलंच नव्हतं. हा उतारा कायदेशीर आहे, हे सरकारला 2025च्या डिसेंबरात पुन्हा सांगावं लागलं, ते उगाच नाही.

फायदा झालाच नाही असं मात्र म्हणवत नाही. जुलै 2021मध्ये सावित्री नदी महाडच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा घराघरांत कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. सातबारा तेवढा सर्व्हरवर कोरडा होता. हा प्रकल्प मांडताना महाडचा पूर कुणाच्या डोक्यात असेल, असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला ई-पीक पाहणी आली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचा, आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटो काढायचा. काकांचं शेत पऱ्याकाठी, रेंज वर देवळापाशी आणि नोंदवलेला मोबाइल नालासोपाऱ्याला, पुतण्याच्या खिशात. पुतण्या ओटीपी कळवायला फोन करी, तेव्हा काका शेतात, म्हणजे संपर्कक्षेत्राबाहेर. देवळापाशी चढून येईतो ओटीपीची मुदत संपलेली.

शेवटी पुतण्या रजा टाकून गावी आला. बांधावर उभं राहून त्याने भाताचा फोटो काढला, देवळापाशी जाऊन चढवला, आणि खाली येऊन म्हणाला, "झालं काका, निघू?"

काकांनी बांधावरच्या माजलेल्या गवताकडे पाहिलं आणि त्याच्या हातात विळा दिला.