मामा, धबधबा आणि नंदीचं तोंड

चिपळूणच्या माणसाला धबधबा दाखवायला नेऊ नये. त्यातून तो नात्याने मामा आणि पेशाने निवृत्त मुख्याध्यापक असेल, तर मुळीच नेऊ नये. पण मामा बंगळूरला उतरले तेच मुळी "इथे डोंगर, झाडी, धबधबा, लेणी असं काही आहे ना रे?" असं विचारत. त्यांच्या मागणीत निदान कागदावर तरी चपखल बसणारं ठिकाण म्हणजे कोलारजवळचं अंतरगंगे. अंतर सत्तर किलोमीटर.

बंगळूरहून पहाटेच निघावं लागतं, नाहीतर टिन फॅक्टरीच्या चौकातच दुपार होते. आम्ही अंधारात निघालो आणि होसकोटेला पोचलो, तर रस्त्याकडेला ही भलीमोठी रांग. मामा भारावले. "पहाटे पाचला एवढी माणसं! काकडआरती आहे का?"

"बिर्याणी आहे मामा. मटणाची."

बंगळूरची मंडळी झोपमोड करून एवढ्या लांब येतात ती या पातेल्यांसाठीच. मामांचा श्रावण होता. "गाडी पुढे घे," असं ते करड्या आवाजात म्हणाले खरे, पण काच मात्र पूर्ण खाली केली. "नाकाने श्रावण मोडत नाही," मामींनी मागून निर्वाळा दिला.

नरसापूरचा तलाव काठोकाठ भरलेला होता. मामांनी गाडी थांबवायला लावली, फोटो काढले, निसर्गाने दुष्काळी मुलखावरही कशी कृपा केली यावर छोटंसं भाषण केलं. ते संपल्यावर मी सांगितलं, की ही कृपा बंगळूरची आहे. कोरमंगला–चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून 2018 पासून कोलारच्या तलावांत सोडतात. विहिरींना पाझर फुटावा म्हणून.

"म्हणजे काल मी तुझ्याकडे केलेली आंघोळ..."

"येईल मामा, इथेच येईल."

त्यांनी फोटो डिलीट केले नाहीत, पण पुन्हा पाहिलेही नाहीत.

अंतरगंगेच्या पायऱ्यांवर माकडांनी टोलनाका उघडलेला आहे. मामींच्या पिशवीतलं आंबावडीचं पाकीट एका वानरवीराने असं काही अलगद काढलं, की मामींना राग येण्याऐवजी त्याच्या सफाईचं कौतुकच वाटलं. वर काशीविश्वेश्वराचं देऊळ, पुढे पुष्करणी आणि दगडी नंदीच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार.

मामांनी धार पाहिली. मग नंदीच्या मागे जाऊन पाहिलं.

"धबधबा कुठे आहे?"

"हाच."

"हा? अरे, आमच्या परसातला नळ बरा याच्यापेक्षा! सवतसडा पाहिलायस ना?"

पाहिलाय. पण चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोलारला सातशे-साडेसातशे. अख्ख्या जिल्ह्यात बारमाही नदी नाही. अशा ठिकाणी ही करंगळीएवढी धार डोंगराच्या पोटातून येते आणि उन्हाळ्यातही येत राहते, म्हणून लोक तिला थेट गंगा मानतात. मला तर सवतसड्यापेक्षा हिचंच कौतुक जास्त वाटतं, पण हे मामांसमोर बोलण्याची सोय नाही. त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन "गोड आहे" एवढंच प्रमाणपत्र दिलं.

लेण्यांचा प्रश्न आणखी अवघड निघाला. मामांना खांब, स्तूप, निदान एखादा शिलालेख हवा होता. इथे कुणी छिन्नी लावलेलीच नाही. वाऱ्यापावसाने फुटून एकमेकांवर रेललेले ग्रॅनाइटचे अगडबंब धोंडे, आणि त्यांच्यामधल्या फटी म्हणजे गुहा.

"पण दगड बघा मामा. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा. या भागातला अडीचशे कोटींच्या घरातला."

सह्याद्री वयाने एवढा धाकटा निघाल्याचा धक्का पचवत मामा तावातावाने पहिल्याच फटीत शिरले आणि मध्यावर अडकले. डोकं आणि एक हात पलीकडे, श्रावण न पाळणारं पोट अलीकडे. पुढे गेलेला वाटाड्या पोरगा वळून शांतपणे म्हणाला, "स्वल्प अड्जस्ट माडी, सर."

"काय म्हणतोय तो?"

"थोडं सांभाळून घ्या म्हणतोय."

"कुणी? मी की दगडाने?"

मामींनी मागून ढकललं, पोराने पुढून ओढलं, आणि मामा एका बटणाच्या बदल्यात पलीकडे पोचले. तिथे त्या पोराने सांगितलं, की परशुरामाने सहस्रार्जुनाला मारलं ते याच डोंगरावर. मी भाषांतर करताच मामांची कळी खुलली. परशुराम म्हणजे चिपळूणचा माणूस! शिवाय कोलार हे शहाजीराजांच्या जहागिरीतलं, हेही त्यांना आपोआप आठवलं. आता गुहाही आपली, नंदीही आपला, आणि ती धारसुद्धा "बारमाही आहे हो, चेष्टा नाही" अशी झाली.

परतताना मामींनी कोलारच्या बाजारातून टोमॅटोचा आख्खा पंधरा किलोचा क्रेट घेतला आणि तो मामांच्या मांडीवर आला. क्रेटवरून हात लांब करून मामा चिपळूणला फोनवर सांगत होते, "गुहा उत्तम आहे. फक्त फार जुनी ना, त्यामुळे जरा आकसली आहे."